टॉवेलचं दुसरं टोक

"ओढ," आनंदा म्हणाला.

मी टाच रोवली आणि टॉवेल ताणून धरला. एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या. साखर कारखान्याच्या गोदामामागं, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीआड आम्ही दोघं नुसत्या चड्डीवर उभे होतो, अंगाला तेल चोपडून. पलीकडच्या मंडपात लाउडस्पीकरवर चेअरमनसाहेबांची स्तुती चालली होती आणि ती लवकर आटोपेल असा कुणाचाच समज नव्हता.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत स्टेजवर जाण्याआधी असा टॉवेल ओढतात. वजनं तिथं कोण वाहून आणणार? एकानं कोपर दुमडून खेचायचं, दुसऱ्यानं अडवून धरायचं. जोर लागला की दंडात रक्त भरतं, मांस फुगतं, आणि शिरांना आत जागा उरली नाही की त्या कातडीखाली वर येतात. नियम एकच. समोरचा "बास" म्हणेपर्यंत आपलं टोक सोडायचं नाही. सोडलं तर तो उताणा पडतो.

आमचे वजनगट वेगळे होते. सकाळी मी माझ्या गटात पहिला आलो होतो, आनंदा त्याच्या. आता सगळ्या गटांतले पहिले एका रांगेत उभे राहणार होते आणि त्यांतला एक 'कारखाना श्री' ठरणार होता. भाषणांच्या कृपेनं अजून बराच वेळ होता. आम्ही नुसतं अंग जागं आहे का ते बघत होतो.

आनंदाच्या दंडावर शीर उठली. मनगटापासून निघून कोपराला वळसा घालून ती बेटकुळीवर चढली.

"बास," तो म्हणाला. "आता तू."

मी खेचायला लागलो. त्यानं इमानानं अडवून धरलं. दंड भरून यायच्या ऐवजी दुखायला लागला, हात कापायला लागला, पण शीर वर येईना. सकाळी तीच शीर अशी उभी होती की पंचांपैकी एक जण चष्मा पुसून जवळ आला होता. आता तिथं नुसती निळसर रेघ होती.

आनंदानं ती रेघ बघितली. मग थप्पीमागं हात घालून त्यानं तांब्या काढला.

"पाणी पी," तो हळू म्हणाला. "मीठ टाकलंय. वर गुळाचा खडा खा. टाइम हाय अजून."

"येडा का काय? वस्तादांनी थेंब घिऊ नको म्हणून सांगितलंय."

"गेल्या साली कराडला माझं असंच झालं हुतं, महिपा. पाणी तोडलं आनी ऐन वक्ताला शिरा गेल्या. रगात म्हंजे शेवटाला पाणीच की."

माझे ओठ फुटले होते. जीभ टाळूला चिकटत होती. परवापासून मी पाणी सोडलं होतं आणि त्या तांब्याकडं बघताना माझ्या घशातून आवाज आला, तो त्यालाही ऐकू गेला असणार. पण मी हसलो. असं हसलो की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

"मैदानाच्या दिवशी सख्ख्या भावाच्या हातचं पाणी पिऊ नये," मी म्हणालो. "कुनी सांगितलंय? वस्तादांनीच न्हवं?"

आनंदा "बरं" म्हणाला, तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मनगटानं तोंड पुसलं. आग्रह केला नाही.

मला वाटलं, कसा डाव ओळखला.

*

केरबा वस्तादांचं आमच्या गावात देवापेक्षा थोडंच कमी चालायचं. तरुणपणी कुस्ती खेळलेले. गुडघा गेल्यावर त्यांनी एका पडीक गुऱ्हाळघरात व्यायामशाळा काढली. जिथं काहिल चढायची तिथं बाकडं, जिथं गुळाच्या ढेपा रचायच्या तिथं वजनं. पावसाळ्यात भिंतींना अजून गुळाचा वास यायचा आणि मुंग्या आमच्यापेक्षा नेमानं हजर असायच्या.

मी महिपती लोहार. बाप ऐरणीवर जन्म घालवून डोळे अधू करून बसलेला. मी कारखान्याच्या वर्कशॉपात सीझनल. ज्यांना सीझनल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बॉयलर पेटला की आपण कामगार, बॉयलर विझला की आपण रिकामटेकडे. निम्मं वर्ष माणूस, निम्मं वर्ष भार. त्या भागात मुलगी बघायला गेलं की पोराचं नाव विचारायच्या आधी विचारायचे, "कायम हाय का सीझनल?"

नव्या पोरांना शिकवताना वस्ताद मला पुढं उभं करायचे. डंबेल उचलायला लावायचे आणि माझ्या हातावरच्या शिरेवरून बोट फिरवत सांगायचे, "चरबी म्हंजे गोधडी. गोधडीखाली पैलवान झोपलाय का म्हैस, कुनाला दिसतंय? पयली गोधडी काढा. मग मांसात रगात भरा. शीर आपून वर येती. आनी ह्येचं बघा. लोहाराचा हात हाय. बापानं घन मारला, शीर पोरानं घेतली."

पोरं माझ्या शिरेला 'पाट' म्हणायची. मी वजनाला हात घातला की कुणीतरी ओरडायचं, "पाटाला पाणी सुटलं रे." आबा, म्हणजे माझा बाप, एकदा व्यायामशाळेत आला होता. वस्तादांनी त्याचा हात आणि माझा हात शेजारी धरून सगळ्यांना दाखवला. आबाच्या हाताला चरबी धरायला कधी सवडच मिळाली नव्हती. घरी जाताना तो ताठ चालत होता.

आनंदा माझ्याच वयाचा. आई आणि तो, दोघंच. तोही सीझनल, पण सुरक्षा खात्यात. वस्तादांचा दूरचा पाहुणा लागायचा. गावात कोण कुणाचा पाहुणा नसतो? अंगानं माझ्यापेक्षा जाड, शिरांना माझ्यापेक्षा कमी. वस्ताद आम्हाला आपला डावा आणि उजवा हात म्हणायचे. कुठला कोण ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या वर्षी बॉयलर पेटवण्याच्या समारंभाला जोडून चेअरमननी ही स्पर्धा ठेवली आणि जाहीर केलं की 'कारखाना श्री' होणारा कामगार कायम होईल. त्या दिवशी वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "महिपा, कायम झालास म्हणून समज. फकस्त मी सांगीन तसं वागायचं."

स्पर्धेला दोन दिवस उरले तसं त्यांनी सांगितलं, आजपासून पाणी बंद. कातडी आणि मांसाच्या मधलं पाणी आटलं की शीर दोरीसारखी दिसते. सकाळपर्यंत त्यांचं बरोबरही ठरलं. गटात मी पहिला आलो, तेव्हा मला वाटलं, हा माणूस अंतर्यामी आहे. मी म्हणालो, "वस्ताद, आता घोटभर घिऊ का?" ते म्हणाले, "संध्याकाळपतूर थेंब न्हाई. भरल्या ताटावरनं उठू नको." आणि आनंदाला हाक मारून कुठंतरी घेऊन गेले.

गेल्या वर्षी कराडला आनंदाबरोबर वस्ताद एकटेच गेले होते. माझी तेव्हा गळिताची पाळी होती. तिथं काय झालं हे त्या दोघांनाच माहीत. मला एवढंच सांगितलं होतं की पंच विकलेले होते.

*

नाव पुकारलं तेव्हा माझ्या पोटरीत गोळा आला. मी लंगडत पायऱ्या चढलो आणि दिव्यांच्या उजेडात येऊन उभा राहिलो. मंडप भरलेला. पहिल्या ओळीत चेअरमन, त्यांच्या शेजारी पंच, एका टोकाला वस्ताद. मागं बायकांच्या बाजूला वस्तादांच्या घरचं सगळं माणूस. आबा खांबाला टेकून उभा होता. खुर्ची रिकामी असली तरी चेअरमनसमोर बसायची त्याला सवय नव्हती.

मी दोन्ही दंड वर घेतले. सगळा जीव मुठीत आणून आवळले. प्रेक्षकांतून आमच्या व्यायामशाळेतला कुणीतरी ओरडला, "पाटाला पाणी सोड, महिपा!" आणि लोक हसले.

पाट कोरडा होता. मला बघायची गरज नव्हती, आतून कळत होतं. दंडात काही भरतच नव्हतं. सकाळी चष्मा पुसून आलेला पंच पुन्हा पुढं आला, वाकला, माझ्या हाताकडं बघितलं आणि शेजारच्याच्या कानाला लागला. शेजारच्यानं मान हलवली. मी पुन्हा आवळलं. पोटात असा पेटका आला की मी वाकलो, आणि मांडवात 'अरेरे' झालं. कुणाला दया यावी म्हणून मी सहा वर्षं उकडलेली अंडी गिळली नव्हती.

शेजारी आनंदा उभा होता. त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत शिरा टरारल्या होत्या. त्यानं पाठ फिरवली तेव्हा पाठीवरसुद्धा फांदी उठली होती. टाळ्या पडल्या.

मी वस्तादांकडं बघितलं. चेला अडचणीत आला की वस्ताद खालून हातवारे करतात, पोझ बदल, श्वास सोड, काहीतरी सांगतात. ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर आनंदावर होती आणि ओठ हलत होते, मंत्र म्हणावा तसे.

चेअरमननी आनंदाच्या गळ्यात पट्टा घातला आणि माइकवर सांगितलं, "आजपासून हा पोरगा आपल्या कारखान्याचा कायम कामगार." मी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

*

आबा मला घेऊन एसटी स्टँडवर आला. स्टँडबाहेर रसवंती होती, त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि रसवाल्याला म्हणाला, "मीठ-लिंबू घालून दे, मोठा गिलास. आनी हुबाच ऱ्हा, अजून लागंल."

मी एक ग्लास प्यालो, दुसरा प्यालो, मग मोजलं नाही. खिशातले खारे शेंगदाणे आबानं माझ्या ओंजळीत ओतले. मीठ बोटांना चिकटलेलं होतं, ते मी चाटून खाल्लं. एसटी येत नव्हती. आम्ही बसून राहिलो. चरकाचे घुंगरू वाजत होते.

बऱ्याच वेळानं आबानं माझं मनगट हातात घेतलं. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो अंगठ्यानं चाचपत वर गेला. कोपरापाशी थांबला.

"आली की गा शीर," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. मनगटापासून दंडापर्यंत पाट वाहत होता. टॉवेल नाही, वजन नाही, काही नाही. नुसता बाकड्यावर बसलेला एक हरलेला माणूस, आणि हातावर ही एवढी शीर. सकाळच्यापेक्षा जाड. आबा हसला बिचारा. त्याला वाटलं, पोराची तब्येत सुधारली.

मला रडू आलं. आनंदाचा तांब्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि तो खरं बोलत होता हे मला तिथं, रसवंतीच्या बाकड्यावर कळलं. त्यामागचं दुसरं कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. कराडला वस्ताद होते. आनंदाच्या शिरा कशानं गेल्या हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यायामशाळेत गेलो. वस्ताद एकटेच वजनांना तेल लावत बसले होते.

"वस्ताद, काल तिकडनं गेल्यावर रस पिलो, आनी शीर परत आली."

"मग?"

"म्हंजे पाणी तोडल्यानं गेली हुती."

"शरीर हाय. एकाला लागू पडतंय, एकाला न्हाई."

"कराडला आनंदाचं असंच झालं हुतं."

त्यांचा हात थांबला. "कोन म्हंतंय?"

"आनंदा. काल त्येनं मला मिठाचं पाणी दिलं हुतं."

वस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं.

"मग पिला का न्हाईस?" ते म्हणाले.

"तुमी सांगितलं हुतं म्हणून."

त्यांनी फडकं तेलात बुडवलं आणि पुढचं वजन ओढलं. "नशीब आसतं एकेकाचं," ते म्हणाले. "उद्या छातीचा वार हाय. लवकर ये."

*

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि वस्तादांच्या मुलीचं, सुलभाचं, आनंदाशी लग्न ठरल्याची बातमी गावभर झाली. मला खटकण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुलभाचा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता, मला फक्त कायम व्हायचं होतं. पण हळदीच्या दिवशी आनंदाची आई खुशीच्या भरात बायकांना सांगत होती आणि मी चूल लावायला लाकडं आणून टाकत होतो.

"सुपारी गनपतीतच फुटली हुती," ती म्हणाली. "पर वस्ताद म्हनले, पोरगा कायम झाल्याबिगर तोंडातनं शबूद काडायचा न्हाई. सीझनलला माजी पोरगी दिली म्हनून लोक हसतील."

गणपती भाद्रपदात. बॉयलर पेटला दसऱ्यानंतर. मी लाकडं रचून ठेवली आणि बाहेर आलो. म्हणजे मला हरवायचं म्हणून त्यांनी मला हरवलंच नव्हतं. त्यांना जावई कायम हवा होता, आणि त्या गावात आनंदापेक्षा चांगल्या शिरा एकाच माणसाच्या हातावर होत्या. माझ्याशी त्यांचं वाकडं काहीच नव्हतं. लोहाराचा हात पोरांना दाखवायला चांगला होता, तेवढ्यापुरता तो दाखवला.

एवढ्यावर थांबले असते तर मीही गप्प बसलो असतो. पण वस्तादांनी भर व्यायामशाळेत सगळ्यांसमोर सांगितलं, "अंतरपाट एका बाजूनं माझा भाऊ धरंल, दुसऱ्या बाजूनं महिपा. डावा-उजवा हात हाय माझा." नाही म्हटलं असतं तर हरला म्हणून जळतोय, असं गावानं म्हटलं असतं. हो म्हणालो.

लग्न त्याच कारखान्याच्या मंडपात. चेअरमन त्याच पहिल्या ओळीत. अंतरपाट म्हणजे लांबरुंद कापड, वर स्वस्तिक काढलेलं. एका टोकाला वस्तादांचा भाऊ, दुसऱ्या टोकाला मी. एका अंगाला सुलभा, दुसऱ्या अंगाला बाशिंग बांधलेला आनंदा, माझ्यापासून हातभर अंतरावर. मंगलाष्टकं सुरू झाली. गावातल्या ज्याला ज्याला गाता येत नव्हतं त्यानं एकेक कडवं म्हणायचं ठरवलं होतं. मी हात उंच धरून उभा होतो. सदऱ्याची बाही खाली घसरली होती. हात भरून आला, आणि शीर उठली. मनगटापासून कोपरापर्यंत, तिथून वर.

आनंदा मुंडावळ्यांआडून तिच्याकडं बघत होता.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आनंदा गेल्या साली कायम नोकरीतून निवृत्त झाला, शाल-नारळ घेऊन. मी शेवटपर्यंत सीझनल राहिलो. दर वर्षी बॉयलर विझला की फाटकावर त्यालाच पास परत करून घरी गेलो. वस्ताद गेले तेव्हा खांदाही दिला. माझा राग उतरला का, असं कुणी विचारलं तर सांगतो, नाही उतरला, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पण वस्तादांवरचा राग सोपा आहे. त्यांनी मुलीसाठी केलं. आनंदावरच्या रागाचं मला काय करावं ते कधीच कळलं नाही, कारण त्यानं तर मला पाणी दिलं होतं. तेच मी त्या लग्नाच्या दिवशी, अंतरपाट धरल्या धरल्या, त्याला विचारलं. भटजी माइकशी झटापट करत होते, लोकांचं लक्ष अक्षतांकडं होतं.

"आनंदा," मी म्हणालो, "तुला म्हाईत हुतं. मग एकदाच का सांगितलंस?"

त्यानं मान वळवली नाही. नवरदेवानं वळवायची नसते.

"दोनदा सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू पिला असतास."

शेवटचं कडवं झालं. 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या. समोरच्या टोकाला वस्तादांच्या भावानं कापड सोडून दिलं. माझ्या मुठीतून ते भटजींना दोनदा ओढावं लागलं.